उजेडाचं काम की उष्णतेचं? पोटॅशियम टीसीएनक्यूवरच्या फेम्टोसेकंद प्रयोगाच्या नोंदी

कमी पैशांत, दमट हवेत आणि उसन्या लेझरवर ज्यांना पंप-प्रोब (पंप या एका पल्सने धक्का द्यायचा, प्रोब या दुसरीने थोड्या वेळाने परिणाम पाहायचा) मांडायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे. जागा गोवा, पणजीपासून फार लांब नसलेली एक छोटी प्रयोगशाळा. लेझर आमचा नाही. काचेत वेव्हगाइड कोरण्यासाठी दुसऱ्या गटाने घेतलेला यटर्बियम लेझर आहे: १०३० नॅनोमीटर, साधारण २५० फेम्टोसेकंदांची पल्स (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग), सेकंदाला एक लाख पल्स. आम्हाला मिळतात त्या रात्री आणि सुट्ट्या.

१२ जून २०२५

आधी पदार्थ ठरवला. या विषयातले गाजलेले सेंद्रिय स्फटिक बहुतेक थंडीतले. टीटीएफ-क्लोरॅनिलवर प्रकाशाचे प्रयोग १९९० पासून चालू आहेत, पण त्याचं संक्रमण, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाणं, ८१ केल्विनला. म्हणजे क्रायोस्टॅट (नमुना अतिथंड ठेवणारं भांडं), व्हॅक्यूम पंप आणि द्रव नायट्रोजनसाठी दर आठवड्याला कुणाच्या तरी पाया पडणं. ईडीओ-टीटीएफचा हेक्साफ्लुओरोफॉस्फेट क्षार २८० केल्विनला बदलतो. ऐकायला सोपं वाटतं, पण २८० केल्विन म्हणजे ७ अंश सेल्सिअस, आणि आमच्याकडे सध्या दवबिंदूच २४-२५ अंश. उघड्यावर थंड केलं की स्फटिकावर पाण्याचे थेंब.

पोटॅशियम टीसीएनक्यू, म्हणजे टेट्रासायनोक्विनोडायमिथेन या सेंद्रिय रेणूचा पोटॅशियम क्षार, उलट्या बाजूचं आहे. संक्रमण ३९५ केल्विनला, म्हणजे १२२ अंश सेल्सिअसला. खोलीत ठेवलं की ते आपोआप 'खालच्या' अवस्थेत असतं. गोव्यात थंड करायला पैसे पडतात, गरम करायला पडत नाहीत. मॅडमना हे कारण शास्त्रीय वाटलं नाही, पण पटलं.

आत काय चालतं ते थोडक्यात. टीसीएनक्यूचे चपटे रेणू एकावर एक रचलेले असतात आणि पोटॅशियमकडून प्रत्येकाला एकेक जादा इलेक्ट्रॉन मिळालेला असतो. प्रत्येक रेणूवर दोघांची जागा, बसलेला एकच. मग इलेक्ट्रॉन इकडून तिकडे सहज जायला हवेत, पण जात नाहीत. पणजी-मडगाव बसमध्ये दोघांच्या प्रत्येक बाकावर एकेक माणूस बसलेला असतो आणि उठून अनोळखी माणसाशेजारी कुणी बसत नाही, तसं. हा मॉट इन्सुलेटर. ३९५ केल्विनखाली शेजारशेजारच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन (त्यांचं चिमुकलं चुंबकत्व) जोड्या लावतात आणि रेणूही दोन-दोन करून जवळ सरकतात, ही स्पिन-पायर्ल्स अवस्था. लेझरची पल्स एका रेणूवरचा इलेक्ट्रॉन उचलून शेजाऱ्यावर टाकते. एक रेणू रिकामा, दुसऱ्यावर दोन. दोन्हीकडचा सुटा स्पिन गेला आणि जोडी मोडली. जवळ सरकून राहण्याचं कारणच उरलं नाही.

ही जोडी ४०० फेम्टोसेकंदांच्या आत सैल होते आणि रेणू प्रति सेंटीमीटर २० (म्हणजे ०.६ टेराहर्ट्झ) या वारंवारतेने डोलायला लागतात, हे जपानमधल्या ओकामोतो यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं. आम्हाला नवीन काही शोधायचं नाही. तेच डोलणं आमच्या टेबलावर दिसावं आणि ते नुसत्या तापण्यामुळे नाही हे सिद्ध करता यावं, एवढंच उद्दिष्ट.

२० जून

पहिला घाणा वाया. कृती साधी: टीसीएनक्यू आणि पोटॅशियम आयोडाइड, दोन्ही ॲसिटोनायट्राइलमध्ये, हळूहळू मिसळू द्यायचं. आम्ही बाटलीतून थेट घेतलेलं ॲसिटोनायट्राइल वापरलं. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, खोलीतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर. हिरवं द्रावण झालं खरं, पण तळाशी स्फटिकांऐवजी काळपट चिखल. जे चार काटे मिळाले ते चिमट्यात धरताच भुकटी.

टीसीएनक्यू स्वस्त नाही. पाच ग्रॅमची बाटली काही हजारांत जाते आणि यायला महिना लागतो. त्यामुळे पुढचा घाणा एक-दशांश प्रमाणात करायचा ठरला. हातमोजे आणि फ्यूम हूड याला पर्याय नाही. रेणूवर चार सायनो गट आहेत हे विसरू नका.

५ जुलै

आता जमलं. बदल तीन. तीन ॲंगस्ट्रॉमचे मॉलेक्युलर सीव्ह मफल भट्टीत रात्रभर ३०० अंशांवर भाजून त्यावर ॲसिटोनायट्राइल दोन दिवस ठेवलं. आयोडाइड १२० अंशांवर सुकवलं. आणि उघड्या बाटलीऐवजी एच-आकाराची नळी घेतली: एका पायात टीसीएनक्यू, दुसऱ्यात आयोडाइड, मधल्या आडव्या नळीतून दोन्ही एकमेकांकडे झिरपतात.

नळीला तापमान स्थिर हवं. इनक्युबेटर दुसऱ्या खात्याचा आणि तिथे जीवाणू वाढताहेत. माझ्या ज्युनियरने मासळी बाजारातून थर्माकोलची पेटी आणली, ज्यातून बांगडे येतात तीच. तीन वेळा धुऊनही वास गेला नाही, पण आतलं तापमान दिवसभरात अर्ध्या अंशानेही हललं नाही. पेटी ८० रुपये.

दहा-बारा दिवसांनी नळीच्या काचेला चिकटलेले जांभळट-काळे स्फटिक दिसले, दोन ते तीन मिलिमीटर लांब, अंगाला धातूसारखी चकाकी. सोबत आयोडीनचा तपकिरी रंग राहतो; कोरड्या ॲसिटोनायट्राइलचे दोन थेंब आणि लगेच ईथर, एवढ्याने जातो. जास्त धुतलं तर पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो आणि परावर्तन मोजायला निरुपयोगी. चांगला चेहरा असलेले स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली निवडून सिलिका जेलच्या डबीत ठेवले.

१८ जुलै

टेबल मांडलं. पंप म्हणजे सरळ १०३० नॅनोमीटर. फोटॉनची ऊर्जा १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, रेणूकडून रेणूकडे इलेक्ट्रॉन नेणारा शोषणपट्टा १ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आहे, त्याच्या वरच्या उतारावर ही ऊर्जा पडते. प्रोबसाठी पल्सचा छोटा हिस्सा ४ मिलिमीटर जाडीच्या याग स्फटिकात केंद्रित करून पांढरा उजेड काढला आणि ६४० नॅनोमीटरचा, १० नॅनोमीटर रुंद फिल्टर लावला. त्या भागात टीसीएनक्यू आयनाचं स्वतःचं, रेणूच्या आतलं शोषण आहे आणि रेणू जोडीने आहेत की सुटे यानुसार ते सरकतं.

यागमधला पांढरा उजेड हट्टी असतो. ऊर्जा थोडी कमी पडली तर काहीच नाही, थोडी जास्त झाली तर एकाऐवजी दोन तंतू पेटतात आणि कागदावरचा ठिपका लुकलुकायला लागतो. लुकलुकणाऱ्या प्रोबवर हजारात एक इतका बदल मोजणं अशक्य. यागच्या आधी आयरिस (लहान-मोठं करता येणारं छिद्र) ठेवा आणि ऊर्जा वाढवण्यापेक्षा आयरिस लहान-मोठी करून मधे एकच शांत ठिपका मिळवा. आमचा ठिपका तरीही दर सात-आठ मिनिटांनी नाचायचा. कारण एसी. कॉम्प्रेसर चालू झाला की गार झोत टेबलावर येत होता. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतून ॲक्रिलिकची पेटी करून घेतली, बिल नऊ हजारांच्या आत. त्यानंतर ठिपका ठिकाणावर आला.

डिह्युमिडिफायर पेटीच्या बाहेर, खोलीत. त्याची बादली रोज सकाळी भरलेली असते. ती रिकामी करायची पाळी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली आहे.

२ ऑगस्ट

शून्य वेळ शोधणं. दोन्ही पल्स स्फटिकावर एकाच क्षणी कधी पोचतात ते कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, त्यामुळे पहिला टप्पा दोरीने: आरशापासून आरशापर्यंत दोन्ही वाटा दोरीने मोजून सेंटीमीटरभरात जुळवल्या. हसू नका, याच टप्प्यावर लोक आठवडे घालवतात. पुढे स्फटिकाच्या जागी जर्मेनियमच्या जुन्या खिडकीचा तुकडा लावला. जर्मेनियम १०३० नॅनोमीटर भरपूर शोषतं आणि त्याचं परावर्तन दणकून बदलतं. डिले स्टेज (एका पल्सची वाट लांब-आखूड करणारी सरकती पट्टी) सरकवत गेलो आणि पायरी दिसली. पायरीची चढण साधारण ३०० फेम्टोसेकंद, म्हणजे आमच्या टेबलाची खरी वेळ-क्षमता तेवढीच. ज्या डोलण्यामागे आहोत त्याचा आवर्तकाळ १.६७ पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद), तेव्हा चालेल.

हिशेब भिंतीवर चिकटवला: स्टेजवर उजेड जातो आणि येतो, म्हणून १५० मायक्रॉन म्हणजे १ पिकोसेकंद. आणि स्टेज नेहमी एकाच दिशेने चालवायची. उलट येताना दाते सैल असतात आणि शून्य वेळ सरकते.

१४ ऑगस्ट

पहिला सिग्नल. स्फटिक लावला, चॉपर (पंप ठरावीक तालात अडवणारी फिरती चकती) चालू, लॉक-इनवर (त्या तालातलाच बदल वेचून मोजणारं यंत्र) आकडा हलला. ज्युनियरने चहा सांगितला. मी स्टेज मागे नेली, शून्य वेळेच्या आधी, जिथे पंप अजून पोचलेलाच नाही. आकडा तिथेही होता. किंचित कमी, पण होताच.

पंप येण्याआधी परिणाम दिसत असेल तर तो आधीच्या पल्सचा. एक लाख पल्स सेकंदाला, दोन पल्समध्ये १० मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात सेंद्रिय स्फटिक गार होत नाही. हिशेब करून पाहिला. पंपाचा ठिपका २०० मायक्रॉनचा, ०.१ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे पल्समागे सुमारे ३० नॅनोज्यूल. फारच थोडं वाटतं. गुणिले एक लाख, ३ मिलिवॉट. असे स्फटिक उष्णता वाहून नेण्यात काचेहून धड नसतात, त्यामुळे एवढ्यानेही ठिपक्याखालचा भाग कायमचा तीसेक अंशांनी तापलेला राहतो. चॉपर पंप उघड-बंद करतो तसतसं ते तापणं वर-खाली होतं आणि लॉक-इन इमानेइतबारे तेच मोजून दाखवतं.

चहा प्यायलो.

२२ ऑगस्ट

उपाय पल्स पिकर, म्हणजे ठरावीक पल्सच बाहेर सोडणारा भाग. लेझरच्या आतच आहे, पण तो बदलायला दुसऱ्या गटाची परवानगी, कारण सकाळी त्यांना पूर्ववत हवा. सेकंदाला १,००० पल्सवर आलो. सरासरी शक्ती शंभरपट उतरली, कायमचं तापणं अर्ध्या अंशाच्याही खाली. ऋण वेळेचा सिग्नल गेला. त्यासोबत बाकीचा सिग्नलही जवळजवळ गेला, कारण आता सरासरी काढायला पल्सच शंभरपट कमी.

ज्युनियरने फोटोडायोडचा झटका मिलिसेकंदभर धरून ठेवणारं छोटं सर्किट जोडलं, भाग चारशे-पाचशे रुपयांचे. चॉपर ५०० हर्ट्झला, लेझरशी बांधलेला, म्हणजे एक पल्स पंपासह, एक पंपाविना. गोंगाट लाखात दोन-तीनपर्यंत उतरला.

आणखी एक चोर सापडला. सिलिकॉन फोटोडायोड १०३० नॅनोमीटरलाही थोडा जागा असतो. स्फटिकाच्या कडेवरून विखुरलेला पंप सरळ डिटेक्टरमध्ये जात होता. उष्णता शोषणारी काच आणि ६४० चा दुसरा फिल्टर लावल्यावर बंद. खात्री करायची सोपी युक्ती: प्रोब अडवा. तरी आकडा दिसला तर तो पंपाचा.

चवथ (गणेश चतुर्थी) २७ तारखेला. खातं बंद, ज्युनियर गावी. त्याआधी सर्व आरशांवर डब्या आणि पेटीत सिलिका जेलच्या दोन थैल्या. वीज गेली आणि एसी-डिह्युमिडिफायर दोन्ही बंद राहिले तर लेन्सवर बुरशी धरते; मागच्या वर्षी दुसऱ्या टेबलावर धरली होती.

९ सप्टेंबर

परत येऊन पाहतो तर लेन्स ठीक. आता लांब स्कॅन, २०० पिकोसेकंदांपर्यंत. सुरुवातीला झटक्यात उडी, मग सुरेख हळूहळू उतार, जणू इलेक्ट्रॉन सावकाश आपल्या जागी परततायत. इतका सुरेख की मॅडमनी विचारलं, जर्मेनियमवर उतार कसा आहे? काढून पाहिला. तसाच. दोन निराळ्या पदार्थांचा उतार सारखा असेल तर तो पदार्थांचा नव्हे, टेबलाचा.

स्टेज ३० मिलिमीटर सरकताना पंपाचा ठिपका स्फटिकावर बाजूला जात होता. २०० पिकोसेकंदांच्या शेवटी प्रोबचा ८० मायक्रॉनचा ठिपका पंपाच्या कडेवर. उपचार असा: स्फटिकाच्या जागी १०० मायक्रॉनचं पिनहोल ठेवायचं, मागे पॉवर मीटर, आणि स्टेज पूर्ण अंतर चालवायची. आमची पॉवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ४० टक्क्यांनी पडत होती. स्टेजवरच्या रेट्रोरिफ्लेक्टरकडे (उजेड आल्या दिशेनेच परत पाठवणारा आरसा) जाणारा बीम स्टेजच्या चालीला समांतर आणला, आधी जवळच्या आरशाने, मग लांबच्या, परत जवळच्या. फरक दोन टक्क्यांवर आला तेव्हा थांबलो. हे काम आधी करायचं, स्फटिक लावण्याच्या आधी.

२४ सप्टेंबर

डोलणं दिसतंय.

शून्य वेळेला परावर्तनात उडी, तिच्या मागोमाग उतारावर लाटा. फूरिये काढला (लाटांतल्या वारंवारता वेगळ्या केल्या) तर ०.६ टेराहर्ट्झजवळ टोक, म्हणजे प्रति सेंटीमीटर २०. हवं होतं तेच, हवं तिथेच.

याच कारणाने संशय. १.६७ पिकोसेकंद म्हणजे स्टेजची २५० मायक्रॉन चाल. स्टेजच्या स्क्रूचा आटा ५०० मायक्रॉनचा. बरोबर निम्मा. स्क्रूचा प्रत्येक फेरा थोडा वेडावाकडा असतो, आणि त्याच्या दुप्पट वारंवारतेची लाट आपल्या उत्तरावर येऊन बसली असेल तर? रात्री दीड वाजता हा विचार आला आणि झोप गेली.

दुसऱ्या दिवशी दोन चाचण्या. जर्मेनियमवर तोच स्कॅन: लाटा नाहीत. हे पुरेसं नाही, कारण जर्मेनियमचा सिग्नल मोठा आणि त्यात बारीक लाट बुडू शकते. म्हणून प्रोबच्या वाटेतला एक आरशांचा जोड मायक्रोमीटरने १२५ मायक्रॉन मागे घेतला. आता शून्य वेळ स्क्रूच्या वेगळ्या भागावर. लाट स्क्रूची असती तर स्टेजच्या आकड्याला चिकटून राहिली असती, आणि उडीच्या मानाने उलटी दिसली असती. ती उडीसोबत सरकली, जशीच्या तशी. पहिली शिखरं दोन्ही स्कॅनमध्ये शून्यापासून तेवढ्याच अंतरावर.

तिसरी चाचणी पंपाच्या ध्रुवणाची. अर्ध-तरंग पट्टीने पंप ९० अंशांत फिरवला, म्हणजे रेणूंच्या रचनेला आडवा. या दिशेला १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं शोषण फारच कमी. सिग्नल दहाव्या हिश्शाच्या खाली, लाटा गायब. उजेड तोच, शक्ती तीच. फक्त इलेक्ट्रॉनला शेजारच्या रेणूवर ढकलायची दिशा चुकवली.

८ ऑक्टोबर

आता मुख्य प्रश्न. एकेका पल्सने स्फटिक किती तापतो? आमच्या ०.१ मिलिज्यूलला, उजेड शंभरेक नॅनोमीटर आत मुरतो असं धरलं तर, तेवढ्या थरात पाचेक अंश. १ मिलिज्यूलला पन्नास. दुसऱ्या भाषेत, ०.१ ला साधारण सत्तर-पंचाहत्तर रेणूंमागे एक फोटॉन, १ ला सात-आठ रेणूंमागे एक. म्हणजे 'उजेडाने इलेक्ट्रॉन बदलले' असं म्हणताना 'पाच अंश ताप आला' हे उत्तर बाजूला सारता यायला हवं. पाच अंशांनी परावर्तन किती बदलतं ते थेट मोजायचं: स्फटिक गरम करायचा आणि पंप बंद.

हॉट स्टेज घरगुती. तांब्याचा ठोकळा, कार्ट्रिज हीटर, के-टाइप थर्मोकपल, दीड हजाराचा पीआयडी कंट्रोलर. कंट्रोलरचा रिले टक-टक करायला लागला की लॉक-इनवर काटे. रिले काढून हीटरला डीसी पुरवठा दिला, आता तापमान स्थिर होईपर्यंत वाट पाहायची एवढंच.

थर्मोकपल ठोकळ्यात आहे, स्फटिक ठोकळ्यावर. दोघांच्या तापमानात फरक किती? इथे नशिबाने साथ दिली. बेंझोइक ॲसिड १२२ अंशांना वितळतं, आपल्या संक्रमणाच्या अगदी शेजारी, आणि प्रत्येक कॉलेजच्या कपाटात असतं. त्याचा कण स्फटिकाच्या जागी ठेवून भिंगातून पाहत बसलो. कण वितळला तेव्हा कंट्रोलर १२९ दाखवत होता. सात अंशांची वजाबाकी पक्की. हे स्फटिक लावायच्या आधी करा, बेंझोइक ॲसिडची वाफ सगळीकडे जाऊन बसते.

मग मोजमाप. खोलीच्या तापमानापासून पाच अंश वर नेल्यावर ६४० नॅनोमीटरचं परावर्तन बदलतं, पण पंपाने होणाऱ्या उडीच्या सातव्या-आठव्या भागाइतकंच. शिवाय उडी पूर्ण व्हायला आमच्या टेबलाच्या क्षमतेइतकाच, ३०० फेम्टोसेकंदांचा वेळ. जाळीला उष्णता पोचायला पिकोसेकंद लागतात. तेव्हा सुरुवातीची उडी उष्णतेची नाही असं मी लिहायला तयार आहे. शंभर पिकोसेकंदांनंतर उरणाऱ्या शेपटीबद्दल मात्र तसं लिहिणार नाही. ती उष्णतेच्या आकड्याला फार जवळ आहे.

१९ ऑक्टोबर

रात्रीचे स्कॅन फुकट. उद्या नरकचतुर्दशी, आज वाड्यावाड्यांत नरकासुराचे पुतळे उभे आणि त्यांच्यासोबत स्पीकरच्या भिंती. बेस सुरू झाला की आरसे डोलतात, आवाज हवेतून थेट आरशांवर येतो, त्यापुढे टेबलाखालची हवेची उशी काही करत नाही. लॉक-इनवर नरकासुर स्पष्ट मोजता येतो. दोन वाजता नाद सोडला आणि बघायला गेलो.

२ नोव्हेंबर

संक्रमणाच्या पलीकडे जायचा दिवस. १२२ अंशांच्या वर रेणू समान अंतरावर येतात, जोड्या उरत नाहीत. लाटा खरोखर जोडीच्या सैल होण्याच्या असतील तर तिथे त्या दिसता कामा नयेत.

आधीचा एक स्फटिक याच पायरीवर तडकला होता. दोन्ही टोकांना सिल्व्हर पेस्ट लावली होती. संक्रमणाला स्फटिकाची लांबी बदलते आणि त्याला जायला वाट नसते. या वेळी एकाच टोकाला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, बाकीच्या अंगाखाली उष्णतेसाठी सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. चढण मिनिटाला एक अंश. ११० नंतर अर्धा.

११५ ला लाटा आहेत, पण लवकर मरतात, दुसऱ्या शिखरानंतर गोंगाटात मिसळतात. १२० ला एकच शिखर, तेही मनाने काढल्यासारखं. सात अंश वजा करून १२२ च्या आसपास पंप नसतानाच परावर्तनाचा आकडा एकदम सरकला, भिंगातून पाहणाऱ्या ज्युनियरला स्फटिकाच्या चेहऱ्यावरून एक रेघ जाताना दिसली. १२६ ला स्कॅन: शून्य वेळेची उडी तशीच झटक्याची, उंचीने कमी, उतार जास्त वेगवान, आणि लाटा नाहीत. चार वेळा सरासरी काढूनही नाहीत.

मॉटचा भाग दोन्हीकडे आहे, बाकावर एकेकटे इलेक्ट्रॉन वरही आणि खालीही. म्हणून झटकन होणारी उडी दोन्हीकडे आली. जोडी फक्त खाली आहे, म्हणून लाटा फक्त खाली. १ मिलिज्यूलला खोलीच्या तापमानावर सुरुवातीची उडी वाढते पण दहापट नाही, वाकून सपाट व्हायला लागते. याचं कारण आधीच मोडलेल्या जोड्या पुन्हा मोडता येत नाहीत हे आहे की ६४० नॅनोमीटरच्या एका खिडकीतून आम्हाला पट्ट्याचं सरकणं अर्धवटच दिसतंय, ते एका फिल्टरवर ठरणार नाही. ६०० पासून ७०० पर्यंतचे फिल्टर लागतील, किंवा स्पेक्ट्रोमीटर.

उतरताना स्फटिक ११९ ला तडकला. एका टोकाला चिकटवूनही. खाली येतानाचं मोजमाप त्यामुळे नाही.

१६ नोव्हेंबर

लेझर जानेवारीपर्यंत दुसऱ्या गटाकडे, त्यांची नमुन्यांची मुदत आहे. पिकर पूर्ववत एक लाखावर ठेवला आणि तसा कागद चिकटवला. आमची टेबलावरची मांडणी हलवलेली नाही, फक्त याग आणि रेट्रोरिफ्लेक्टर झाकले आहेत.

लेझर आणि लॉक-इन धरले नाहीत तर आतापर्यंतचा खर्च एक लाखाच्या थोडा आत, त्यातला मोठा वाटा फिल्टर, सेकंडहँड स्टेज आणि डिह्युमिडिफायरचा. सर्वांत जास्त वेळ गेला तो बीम समांतर करण्यात, आणि ते काम करायला एक पिनहोल पुरेसं होतं.

थर्माकोलच्या पेटीत नवीन नळी लावली आहे, या वेळी आयोडाइडचं द्रावण निम्मं पातळ. काचेवर कालपर्यंत काही नाही.

जानेवारीत करायचं: फिल्टरचा संच मागवणे (दोन दुकानांचे दर आले, तिसऱ्याचा बाकी), उतरताना मिनिटाला पाव अंश, आणि ग्रीसऐवजी स्फटिक पातळ सफायरच्या काचेवर नुसता ठेवून पाहणे.